वय जास्त म्हणून नौदलाने परत पाठवलं, त्याच नौदलातून ७९ व्या वर्षी रिअर ॲडमिरल होऊन बाहेर पडल्या : ग्रेस हॉपर यांची गोष्ट

४ डिसेंबर २०२३. त्या वर्षीचा नौदल दिन मालवणजवळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला होता. समोर समुद्रात युद्धनौका, वर विमानं आणि वाळूत उभी राहून बघणारी माणसं. त्या दिवसांत आचऱ्यापासून देवबागपर्यंत दुसरा विषयच नव्हता.

आपल्या युद्धनौकांना बऱ्याचदा शहरांची नाहीतर नद्यांची नावं असतात. मुंबई, कोलकाता, गोदावरी अशी. अमेरिकेत विनाशिकांना माणसांची नावं देतात, तीही बहुतेक लढाईत नाव कमावलेल्या माणसांची. त्यात एका नौकेचं नाव मात्र वेगळं आहे. यूएसएस हॉपर.

हे नाव ज्या बाईंचं आहे, त्यांनी समुद्रावर एकही लढाई लढली नाही. त्या गणिताच्या प्राध्यापक होत्या. आज आचरा तिठ्यावर उभं राहून कुणी मोबाईलवरून माशाचे पैसे पाठवतो, तेव्हा त्यामागचा प्रोग्राम आकड्यांत न लिहिता शब्दांत लिहिलेला असतो. हे शक्य आहे असं ज्या मोजक्या लोकांनी सगळ्यात आधी दाखवलं, त्यात या बाईंचं नाव वर येतं.

ग्रेस ब्रूस्टर मरे. जन्म ९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्क. तीन भावंडांत थोरली. वडील विमा व्यवसायात, आईला गणिताची आवड आणि पणजोबा अमेरिकी नौदलात ॲडमिरल. सात वर्षांची असताना तिने घरातलं गजराचं घड्याळ आतून कसं चालतं ते बघायला खोललं. परत जोडता येईना, म्हणून दुसरं खोललं. मग तिसरं. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सातही घड्याळं सुटी झाली होती. त्यानंतर तिला एकाच घड्याळाची परवानगी मिळाली.

वॅसर कॉलेजने पहिल्या वर्षी तिला प्रवेश नाकारला, कारण लॅटिनमध्ये मार्क कमी पडले. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. १९२८ मध्ये पदवी, मग येल विद्यापीठात एम. ए. आणि १९३४ मध्ये गणितात पीएच. डी. त्या काळात अमेरिकेतही गणितात डॉक्टरेट करणाऱ्या बायका थोड्याच होत्या. दरम्यान १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं. पुढे घटस्फोट झाला, पण आडनाव तेच राहिलं. वॅसरमध्येच शिकवायची नोकरी लागली आणि आयुष्य सरळ मार्गाला लागल्यासारखं दिसत होतं.

मग डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला.

ग्रेस हॉपर नौदलात भरती व्हायला गेल्या. नौदलाने दोन कारणं देऊन परत पाठवलं. पस्तिशी उलटली होती, म्हणजे वय जास्त. आणि वजन ठरलेल्या मापापेक्षा १५ पौंड, म्हणजे जवळपास ७ किलो कमी. वर गणिताच्या प्राध्यापकांनी शिकवत राहणं हेच युद्धकाळात जास्त कामाचं, असं सरकारचं मत. बाई हटल्या नाहीत. कॉलेजकडून सुट्टी आणि नौदलाकडून वजनाची सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या महिलांच्या राखीव दलात दाखल झाल्याच. प्रशिक्षणात पहिला नंबर काढला.

समुद्रावर पाठवतील असं वाटत होतं, पाठवलं हार्वर्ड विद्यापीठात. तिथे 'मार्क वन' नावाचं एक यंत्र होतं. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, वजन पाच टनांच्या आसपास. सेकंदाला तीन बेरजा करायचं. आज हसू येतं, पण तेव्हा याच यंत्रावर तोफांचे तक्ते आणि युद्धाची इतर गणितं व्हायची. अणुबॉम्बसाठी लागणारी काही गणितंही त्यावर झाली, पण ते काम कशाचं आहे हे यंत्र चालवणाऱ्यांना सांगितलेलं नव्हतं.

त्यांचे बॉस हॉवर्ड एकेन फार कडक. त्यांनी एक दिवस सांगितलं की या यंत्राचं पुस्तक तुम्ही लिहायचं. आजवर कधी पुस्तक लिहिलं नाही, ही सबब चालली नाही. ५६१ पानांचं मॅन्युअल तयार झालं.

सोशल मीडियावर फिरणारी एक गोष्ट इथे नीट करून घ्यायला हवी. कम्प्युटरमधल्या चुकीला 'बग' हे नाव ग्रेस हॉपर यांनी दिलं, असं हमखास सांगतात. झालं असं की ९ सप्टेंबर १९४७ ला 'मार्क टू' या पुढच्या यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने वहीत चिकटवला आणि खाली लिहिलं की खराखुरा बग सापडला. ती वही आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासूनची, आणि तो पतंग शोधणाऱ्यांत हॉपर नव्हत्या. गोष्ट जगभर पसरवली मात्र त्यांनीच, कारण रंगवून सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

युद्ध संपलं. कायमस्वरूपी नौदलात घ्या हा अर्ज पुन्हा वयाच्या कारणाने फेटाळला गेला. हार्वर्डची मुदतही संपली. संसार मोडलेला, दारू वाढलेली. हा काळ त्यांच्यासाठी फार वाईट होता, इतका की एडमंड बर्कले या मित्राने खरमरीत पत्र लिहून त्यांना सावध केलं. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉकली या छोट्या कंपनीत लागल्या. व्यापारी कामासाठीचा 'युनिव्हॅक' हा कम्प्युटर तिथे बनत होता. पुढच्याच वर्षी ती कंपनी रेमिंग्टन रँडने विकत घेतली.

आता मुद्दा येतो, आणि तो समजायला मालवणी स्वयंपाकघरात जावं लागेल.

माशाचं कालवण करा, मटण करा नाहीतर काळ्या वाटाण्याची आमटी, मध्ये कधीतरी 'वाटप लाव' एवढंच सांगतात. खोबरं किसा, कांदा कापा, भाजा, गार करा, वाटा, हे दर वेळी कुणी सांगत बसत नाही. 'वाटप' या एका शब्दात ते सगळं येतं.

त्या काळच्या कम्प्युटरला असला शब्दच माहीत नव्हता. प्रत्येक प्रोग्राममध्ये प्रत्येक पायरी नव्याने, तीही आकड्यांत लिहायची. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या वह्यांत वर्गमूळ, साइन वगैरेंच्या तयार पायऱ्या लिहिलेल्या असायच्या. त्या वहीतून उतरवायच्या आणि त्यातले मेमरीच्या जागांचे आकडे नव्या प्रोग्रामप्रमाणे बदलायचे. उतरवताना चूक, बेरजेत चूक. मोठमोठे गणिती यात अडकायचे.

स्वतः हॉपरबाईही अडकल्या होत्या. एका यंत्रासाठी त्यांनी आठच्या पाढ्यातली, म्हणजे फक्त ० ते ७ हेच अंक असलेली मोजणी शिकून घेतली. नंतर काही महिने बँकेचा हिशोब जुळेना. शेवटी बँकेत काम करणाऱ्या भावाला कागद दाखवले, तेव्हा कळलं की घरखर्चाची वजाबाकीसुद्धा बाई अधूनमधून त्याच पद्धतीने करत होत्या!

मग त्यांनी विचार केला की उतरवणं आणि बेरीज ही तर यंत्राचीच कामं. सगळी 'वाटपं' टेपवर साठवून प्रत्येकाला नंबर द्यायचा. माणसाने फक्त नंबर सांगायचा. टेपवरून ते शोधणं, योग्य जागी बसवणं, पत्ते बदलणं हे सगळं कम्प्युटरने करायचं. १९५२ पर्यंत हा प्रोग्राम चालायला लागला. नाव 'ए-झिरो'. त्याला त्यांनी कंपायलर म्हटलं. आजच्या अर्थाने तो पूर्ण कंपायलर नव्हता, पण दिशा तीच होती. कम्प्युटर फक्त गणितं करतो, प्रोग्राम लिहीत नाही, असं म्हणून कित्येकांनी त्यावर विश्वासच ठेवला नाही.

बाईंची नजर मात्र गणित न येणाऱ्या माणसावर होती. पगारपत्रक करणारा कारकून, मालाचा साठा बघणारा मॅनेजर. यांना चिन्हं नकोत, शब्द हवेत. म्हणून पाचच्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या टीमने साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा घेणारी पद्धत बनवली. पुढे तिचं नाव 'फ्लो-मॅटिक' झालं.

मॅनेजमेंटकडून पैसे हवे होते म्हणून नमुना दाखवायचं ठरलं. यंत्राच्या दृष्टीने शब्द म्हणजे फक्त खुणा, हे पटवायला टीमने तोच प्रोग्राम आधी इंग्रजीत दाखवला, मग आज्ञा फ्रेंचमध्ये बदलून, मग जर्मनमध्ये. तिन्ही चालले.

साहेब लोक खूश होतील असं वाटलं होतं, झालं उलटंच. अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात बनलेल्या यंत्राला फ्रेंच आणि जर्मन कशी कळेल, हेच त्यांच्या डोक्यात बसेना. महायुद्ध संपून दहाच वर्षं झाली होती, त्यात जर्मन म्हणजे विचारायलाच नको. शेवटी प्रोग्रामिंग फक्त इंग्रजीतच राहील, असं सांगून बाईंना प्रकरण मिटवावं लागलं.

हा किस्सा विनोदी म्हणून सांगितला जातो, पण मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या जागी उभं राहून बघा. आचऱ्यातला आठवीतला मुलगा आज कोडिंग शिकायला बसला की पहिली आज्ञा 'प्रिंट', दुसरी 'इफ'. पायथॉनसारख्या भाषेत नावं देवनागरीत ठेवता येतात, आज्ञा मात्र इंग्रजीतच. प्रोसेसरला तेव्हा इंग्रजी येत नव्हती आणि आजही येत नाही. अडचण यंत्राची नव्हतीच, हे त्या बैठकीत सत्तर वर्षांपूर्वीच सिद्ध झालं होतं.

आता कोबोल. १९५९ पर्यंत प्रत्येक कंपनीच्या कम्प्युटरची भाषा वेगळी होती. यंत्र बदललं की सगळे प्रोग्राम नव्याने लिहायचे. मेरी हॉज यांनी पुढाकार घेतला, मे महिन्यात पेंटागॉनमध्ये बैठक झाली आणि सगळ्या यंत्रांवर चालेल अशी एक धंद्याची भाषा बनवायचं ठरलं. हॉपर यांना 'कोबोलची आई' म्हणतात, पण भाषा प्रत्यक्ष एका समितीने लिहिली. त्यात जीन सॅमेट, गर्ट्रूड टिअर्नी वगैरे मंडळी होती आणि हॉपर सल्लागार होत्या. आईपणाचं श्रेय एकट्या हॉपर यांना देण्यावर सॅमेट यांनी पुढे स्पष्ट हरकत घेतली. पण पाया फ्लो-मॅटिकचा होता, हे नाकारता येत नाही. म्हणजे आई नाही म्हटलं तरी आजी म्हणायला हरकत नसावी.

डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम दोन वेगळ्या कंपन्यांच्या कम्प्युटरवर चालवून दाखवला गेला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने कोबोलचा आग्रह धरला, मग कंपन्यांना पर्याय उरला नाही. विद्वानांनी नाकं मुरडली. डाइक्स्ट्रा यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाला तर कोबोल शिकवणं हाच गुन्हा ठरवावा असं वाटायचं. बँका आणि विमा कंपन्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

नौदलाशी नातं सुटलं नव्हतं. १९६६ च्या अखेरीला, साठाव्या वर्षी, त्यांना राखीव दलातून निवृत्त केलं. सात महिन्यांतच नौदलाची कोबोलची भांडणं निस्तरायला परत बोलावलं, सहा महिन्यांसाठी म्हणून. ते सहा महिने संपलेच नाहीत. मधेच १९६९ मध्ये एका संघटनेने कम्प्युटर क्षेत्रातला पहिलावहिला 'मॅन ऑफ द इयर' पुरस्कार दिला, तोही यांनाच!

त्यांच्या भाषणांना गर्दी व्हायची. येताना पर्समध्ये तारेचे तुकडे घेऊन यायच्या, प्रत्येक सुमारे ३० सेंटीमीटरचा. वीज एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त एवढंच अंतर जाते, हे त्या हातात तार देऊन दाखवायच्या. उपग्रहावरून निरोप यायला वेळ का लागतो, असं विचारणाऱ्या ॲडमिरल साहेबांनाही तोच तुकडा. ऑफिसात उलट्या दिशेने फिरणारं घड्याळ लावलेलं होतं. आजवर असंच चालत आलंय, हे कारण ऐकायची त्यांची तयारी नसायची.

१४ ऑगस्ट १९८६ ला बोस्टनमध्ये यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या जहाजावर त्यांचा निरोप समारंभ झाला. पद रिअर ॲडमिरल, वय ७९. तेव्हा सेवेत असलेल्या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांत सगळ्यात वयस्कर त्याच. लगेच डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं.

नंतरच्या दोन गोष्टी. जागा वाचवायला जुन्या प्रोग्राममध्ये साल दोनच आकड्यांत लिहिलेलं असायचं, त्यात कोबोलचे प्रोग्राम ढिगाने. २००० साल जवळ आलं तसा जगाला घाम फुटला. १९६८ साली मुंबईत सुरू झालेल्या टीसीएससह अनेक भारतीय कंपन्यांना ते दुरुस्त करायचं काम मिळालं आणि जुनाट म्हणून हिणवलेली भाषा शिकून मराठी घरांतली कितीतरी पोरं परदेशात गेली. एप्रिल २०२० मध्ये कोरोनामुळे बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरना कोबोल येणाऱ्यांनी मदतीला यावं असं जाहीर आवाहन करावं लागलं.

यूएसएस हॉपर ही नौका ६ सप्टेंबर १९९७ ला अमेरिकी नौदलात दाखल झाली. बरीच वर्षं तिचा तळ राहिला तो पर्ल हार्बर.