दादासाहेब फाळक्यांचा कॅमेरा आणि तुमची पुढची वाइड प्राइम लेन्स

मिररलेस कॅमेरा घेऊन काही महिने झाले की एक प्रश्न हमखास येतो: वाइड प्राइम एफ/१.४ ची घ्यावी की एफ/२.८ ची? नागपुरात हा प्रश्न मला अलीकडे जास्तच ऐकू येतो. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आणि आकाशगंगेचा फोटो काढायची हौस आपल्याकडे वाढली. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, तेव्हा आकडेमोड करणारच. पण ती एका माणसाच्या आयुष्यासोबत करू, ज्याने कर्ज काढून कॅमेरा आणला होता.

चित्रकार, फोटोग्राफर, छापखानेवाला

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली आणि घर मुंबईला आलं. धुंडिराज १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकताना त्यांना फोटोग्राफी आणि छपाईचा नाद लागला.

धंदा म्हणून त्यांनी गोध्र्यात फोटो काढायला सुरुवात केली. प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोघंही गेली. ते बडोद्याला परतले, पण तिथे कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशी अफवा पसरली आणि गिऱ्हाईक येईना. १९०२ मध्ये सरस्वतीबाईंशी त्यांचा दुसरा विवाह झाला. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी लागली. तीही सोडून त्यांनी लोणावळ्यात छपाईचा उद्योग सुरू केला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते जर्मनीला जाऊन आले. १९११ मध्ये भागीदारांशी पटेनासं झालं आणि छापखाना सुटला. वय ४१, पदरात मुलं आणि हातात काम नाही.

सगळं गहाण

त्याच वर्षी गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले देव पडद्यावर का नकोत, हा विचार डोक्यात बसला. मग रोज तासन् तास चित्रपट पाहणं, फिल्मचे तुकडे तपासणं, वाचणं. इतकं की दृष्टी जवळपास गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली.

हातातल्या विमा पॉलिसी १२,००० रुपयांच्या होत्या. त्या तारण ठेवून त्यांनी १०,००० रुपयांचं कर्ज काढलं आणि १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनची बोट धरली. तिथे ते थेट दुकानात शिरले नाहीत. बायोस्कोप या चित्रपटविषयक साप्ताहिकाचे संपादक कॅबॉर्न यांना भेटले. त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं. मगच ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला, कोडॅकची कोरी फिल्म आणि तिला भोकं पाडायचं यंत्र मागवलं. १ एप्रिलला ते परत आले.

आता इथे बघा. कॅमेरा आला म्हणून लगेच मोठा चित्रपट सुरू केला नाही. कुंडीत वाटाणे पेरले आणि महिनाभराहून जास्त काळ रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. त्यातून जेमतेम मिनिटभराची 'अंकुराची वाढ' तयार झाली. आपण आज ज्याला टाइमलॅप्स म्हणतो तेच हे. कॅमेरा, फिल्म, धुलाई, सगळ्याची चाचणी झाली आणि ही फिल्म पाहून पुढचं भांडवलही मिळालं.

तुमची वाटाण्याची परीक्षा अशी: किट झूम लेन्स महिनाभर २४ मिमीवर ठेवा, एपीएस-सी सेन्सर असेल तर १६ मिमीवर. ती हलवायचीच नाही. सारखं आणखी जवळ जावंसं वाटत असेल, तर वाइड तुमची लेन्स नाही. पटली, तर हवी ती प्राइम एका दिवसासाठी भाड्याने आणा.

उजेडाचं गणित

'राजा हरिश्चंद्र'चं काम दादरला झालं. स्त्री भूमिकेला बाई मिळेना, म्हणून तारामती झाले एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके. सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत, रात्री फिल्मला भोकं पाडत, ती धूत, आणि दिवसा रणरणत्या उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत.

चादरी कशाला? कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला साधारण १६ चित्रं. शटर निम्मा वेळ उघडं धरलं, तर एका चित्राला मिळतो १/३२ सेकंद. तो वाढवता येत नाही. फिल्म मंद, आणि त्या काळात एफ/३.५ ची सिनेलेन्स वेगवान समजली जाई. वेळ वाढत नाही, लेन्स आणखी उघडत नाही, मग उरतो तो उजेड. तो चादरीवरून परावर्तित करून चेहऱ्यावर टाकायचा.

गंमत म्हणजे आपल्या बहुतेक किट लेन्सही वाइड टोकाला एफ/३.५ च्याच असतात. फरक सेन्सरचा, तो त्या फिल्मपेक्षा कितीतरी संवेदनशील आहे. एफ आकडा निम्मा झाला की उजेड चौपट होतो. म्हणजे एफ/२.८ पेक्षा एफ/१.४ चौपट उजेड देते, आणि एफ/३.५ पेक्षा सव्वासहापट. एफ/१.८ आणि एफ/१.४ मधला फरक मात्र सुमारे १.६५ पटच, पण किमतीत आणि वजनात तो बराच असतो.

त्यामुळे प्रश्न एकच: तुमच्या कामात वेळ वाढवता येतो का? ट्रायपॉडवर अंबाझरीचा सूर्यास्त काढताना येतो, तिथे एफ/८ लागतं, महागडी लेन्स वाया. पेंचला तारे टिपताना येत नाही. २४ मिमीवर ५०० ला २४ ने भागा, साधारण २० सेकंदांपुढे तारे रेघोट्या होतात. लग्नातल्या नाचात आणि रात्रीच्या हातातल्या व्हिडिओतही वेळ बांधलेला असतो. तिथे एफ/१.४ किंवा एफ/१.८ ला पैसे मोजा. ताऱ्यांसाठी कोपऱ्यातला कोमा तपासा, म्हणजे टिंब पंख फुटल्यासारखं दिसतं का ते. आरशासाठी जागा सोडावी लागत नसल्याने मिररलेसमध्ये लेन्सचं मागचं भिंग सेन्सरच्या जवळ आणता येतं (कॅननच्या जुन्या माउंटचं अंतर ४४ मिमी, आता २०), म्हणून नव्या वाइड लेन्सचे कोपरे सुधारले आहेत.

पुढे काय झालं

३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला आणि कर्ज काढून केलेलं धाडस फळलं. फाळके नाशिकला गेले. पहिल्या महायुद्धात भांडवल आटलं, तरी १९१७ च्या 'लंका दहन'ने पैसा आणला. मग हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, पुन्हा भागीदारांशी मतभेद झाले, ते बाहेर पडले आणि परतही आले. बोलपट आले तेव्हा काळ बदलला होता. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते वारले, तेव्हा गाठीशी फारसं काही उरलं नव्हतं.

म्हणून राजेहो, लेन्स हप्त्यावर घेणार असाल तर आधी महिनाभर किट लेन्सवर काम करा, उजेड कुठे कमी पडला ते लिहून ठेवा आणि एकदा पांढरी चादर किंवा थर्माकोलचा पत्रा वापरून बघा. त्यानंतरही वेळच कमी पडत असेल, तर एफ/१.४ घ्या आणि खुशाल पेंचला जा.