नॉर्बर्ट वीनर

१९५४ च्या जानेवारीत भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन आपल्या हैदराबादेत भरले होते. त्यास आलेल्या परदेशी पाहुण्यांत जाड भिंगांचा चष्मा लावणारे एक स्थूल अमेरिकन गणिती होते. त्यांचे नाव नॉर्बर्ट वीनर. मेंदूचा व्यापार गणिताने उलगडू पाहणारे जे शास्त्र आज नावारूपास आले आहे, त्याच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

त्यांचा जन्म १८९४ चा. वडील हार्वर्ड विद्यापीठात स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक. मुलास त्यांनी स्वतःच, आणि आमच्या मते नको तितक्या कठोरपणे, शिकविले. आठव्या वर्षी दृष्टी अधू झाल्याने डॉक्टरांनी सहा महिने वाचनास बंदी केली, तेव्हा हा मुलगा मनातल्या मनात गणिते सोडवू लागला. चौदाव्या वर्षी पदवी, अठराव्या वर्षी डॉक्टरेट, आणि १९१९ पासून मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत अध्यापन, असा पुढील क्रम आहे.

दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे विमान पुढल्या क्षणी कोठे असेल हे ताडून तोफ रोखणाऱ्या यंत्राचे गणित त्यांनी ज्युलियन बिगेलो यांच्यासह हाती घेतले. यंत्राने आपली चूक मोजावी व त्या मानाने पुढील हालचाल सुधारावी, ही त्यातील युक्ती; तिला फीडबॅक म्हणतात. सुधारणा प्रमाणाबाहेर गेली की यंत्र लंबकाप्रमाणे हेलकावत राहते. मानवी शरीरात असे काही घडते काय, असे त्यांनी शरीरशास्त्रज्ञ मित्र आर्तुरो रोझेनब्लूएथ यांस विचारले. घडते, असे उत्तर मिळाले. लहान मेंदूस इजा झालेल्या रोग्याचा हात एरवी स्थिर असतो. परंतु पाण्याचा पेला ओठांशी नेऊ लागताच तो अधिकाधिक हेलकावे घेतो. म्हणजे तोफ आणि हात एकाच नियमाने चुकतात! हा विचार १९४३ च्या निबंधात व पुढे १९४८ च्या सायबरनेटिक्स या ग्रंथात आला. ग्रंथाचे नाव ग्रीक भाषेतील सुकाणूधाऱ्यावरून घेतलेले. किनारपट्टीच्या आम्हां लोकांस येथे तांडेल आठवतो; होडी किती वळली हे पाहूनच तो सुकाणू फिरवितो.

हिरोशिमानंतर मात्र वीनर यांचे मन पालटले. क्षेपणास्त्रांच्या कामी एका विमान कंपनीतील शास्त्रज्ञाने त्यांचा युद्धकालीन अहवाल मागितला, तो त्यांनी नाकारला, आणि हा नकार १९४७ च्या आरंभी उघडपणे छापून आणला. युद्ध नुकतेच जिंकलेल्या देशात हे सोपे नव्हते. तोफांसाठी जन्मलेले ते अनुमानाचे गणित त्यांनी टाकले नाही. मेंदूच्या विद्युत्लहरींतील ताल शोधण्यास लावले, आणि मुंबईचे गणिती पेसी मसानी यांच्यासह १९५७-५८ मध्ये ते आणखी विस्तारले. १८ मार्च १९६४ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले.