आंब्रवाज पारे आणि पॅरिसचा कुलूपवाला

यंदाच्या गणेशोत्सवात आमचे थोरले मेहुणे मंडळात दिसले नाहीत म्हणून बऱ्याच जणांनी चौकशी केली. मधुमेहामुळे उन्हाळ्यात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आता कृत्रिम पाय बसवण्याचे काम चालू आहे आणि त्या निमित्ताने आमच्याही तिथे पाच-सहा फेऱ्या झाल्या. पहिल्याच फेरीत आमच्याकडून एक चूक झाली. प्लास्टरने माखलेला एप्रन घालून, हातात कानस घेऊन एक तरुण उभा होता. आम्ही त्याला मिस्त्री समजलो आणि डॉक्टरसाहेब कधी येणार असे विचारले. तो हसला. अंकल, माप घेणे, साचा करणे, पाय बसवून चालायला लावणे हे सगळे मीच करणार आहे, असे त्याने हिंदीत सांगितले. साडेचार वर्षांची पदवी आहे, पुनर्वास परिषदेत नोंदणी आहे, हेही सांगितले. गेलेल्या अवयवाच्या जागी नवा देतो तो प्रोस्थेटिस्ट. असलेल्या पण दुबळ्या किंवा वाकड्या अवयवाला कॅलिपर, बूट, पट्टा यांचा आधार देतो तो ऑर्थोटिस्ट. आम्ही चांगलेच खजील झालो.

घरी आल्यावर या पेशाचे मूळ कुठे सापडते का, म्हणून वाचायला बसलो. वाचता वाचता साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच माणसापाशी येऊन थांबलो. त्याचे नाव आंब्रवाज पारे. शस्त्रक्रियेच्या इतिहासात हे नाव मोठे आहे, पण आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. त्याचीच गोष्ट मंडळींना सांगावीशी वाटली.

पारेचा जन्म १५१० च्या सुमाराचा, फ्रान्समधल्या लाव्हाल गावाजवळचा. त्या काळी तिकडे वैद्यकाची उतरंड ठरलेली होती. सर्वांत वर विद्यापीठात लॅटिन शिकलेले वैद्य. ते नाडी पाहत, ग्रंथ उघडत, पण रक्ताला हात लावत नसत. गळू फोडणे, दात उपटणे, जखम बांधणे, पाय कापणे ही कामे खालच्या लोकांची, आणि त्यांतही सर्वांत खाली न्हावी-शस्त्रवैद्य. पारे शिकला तो न्हाव्याच्या हाताखाली. लॅटिन त्याला कधीच आले नाही. पुढे पॅरिसच्या ओतेल-द्यू या मोठ्या धर्मार्थ रुग्णालयात त्याने तीनेक वर्षे काढली. हीच त्याची शाळा आणि हेच त्याचे कॉलेज.

पंचविशीच्या आसपास तो फ्रेंच सैन्याबरोबर इटलीत तुरीनच्या मोहिमेवर गेला. बंदुका तेव्हा नव्या होत्या. दारूमुळे जखमेत विष भिनते अशी पक्की समजूत होती आणि ते मारायला जखमेत उकळते तेल ओतण्याचा प्रघात होता. पारेही तेच करत होता. एके दिवशी जखमी इतके आले की तेल संपले. मग उरलेल्यांच्या जखमांना त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला. रात्रभर त्याला झोप लागली नाही. तेल न मिळालेले लोक सकाळी मेलेले सापडतील अशी धास्ती होती. पहाटे उठून पाहतो तर लेपवाले बऱ्यापैकी झोपलेले, आणि तेलवाले तापाने फणफणलेले, जखमा सुजलेल्या. त्याने उकळते तेल कायमचे सोडले. १५४५ मध्ये त्याने बंदुकीच्या जखमांवर पुस्तक लिहिले, तेही लॅटिनमध्ये नव्हे तर साध्या फ्रेंचमध्ये, म्हणजे त्याच्यासारख्या न्हाव्यांना वाचता येईल अशा भाषेत.

दुसरी मोठी गोष्ट १५५२ सालची, दाँव्हिलेच्या वेढ्यातली. हातपाय कापल्यावर रक्त थांबवायला तापलेल्या लोखंडाने डाग देत. वेदना तर विचारूच नका, पण डागलेली जागा जळून मागाहून सडे आणि पुन्हा रक्त वाहू लागे. पारेने एका अधिकाऱ्याचा पाय कापताना रक्तवाहिन्या चिमट्यात धरून दोऱ्याने बांधल्या. माणूस वाचला आणि लाकडी पायावर घरी गेला. या पद्धतीला वेळ आणि मदतनीस जास्त लागत, म्हणून सगळ्यांनी ती लगेच उचलली असे नाही. डागणारे पुढेही बरीच वर्षे डागत राहिले.

यानंतर तो राजदरबारात गेला. एकामागून एक चार राजांची त्याने सेवा केली. १५५९ मध्ये राजा दुसरा आंरी याच्या डोळ्याजवळ भाल्याची ढलपी घुसली, तेव्हा उपचार करणाऱ्यांत पारे होता. ब्रसेल्सहून प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ व्हेसालियसही आला होता. राजा वाचला नाही. लढाया, कैद, वेढे यांचे किस्से पुष्कळ आहेत, पण आमचा रोख दुसरीकडे आहे.

१५६१ च्या मे महिन्यात पारेलाच घोड्याने लाथ मारली. डाव्या पायाची दोन्ही हाडे मोडली, हाड कातडे फोडून बाहेर आले. असा पाय त्या काळी बहुधा कापलाच जाई आणि हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? स्वतः बिछान्यात पडून त्याने सोबतच्या शस्त्रवैद्याला काय करायचे ते सांगितले, आपल्या ओरडण्याकडे लक्ष देऊ नकोस असेही बजावले. पाय बचावला, लंगडही राहिली नाही. आपली ही हकिकत त्याने पुढे पुस्तकात, एखाद्या परक्या रोग्याची लिहावी तशी लिहून ठेवली आहे.

तीन वर्षांनी, १५६४ मध्ये, शस्त्रक्रियेवरचे त्याचे दहा भागांचे पुस्तक निघाले. त्यात कृत्रिम हात आणि पाय यांची चित्रे आहेत. तीन वर्षांपूर्वीचा तो बिछाना आणि ही चित्रे यांचा संबंध असेलच असे नाही, पण आमच्या मनातून तो जात नाही.

चित्रांतला पाय मांडीपासून खालचा आहे. वरून चिलखती सरदाराच्या पायासारखा दिसतो, आत गुडघ्याला खटका. उभे राहिले की गुडघा अडकतो, बसायचे असेल तेव्हा दोरी ओढली की सुटतो. लोखंडी हाताला बोटे आहेत, आत स्प्रिंगा आणि दातेरी चाके. हे काम वैद्याचे नव्हे हे कोणालाही कळेल. पारेने ते लपवलेले नाही. ही चित्रे आपल्याला पॅरिसमधल्या एका कुलपे करणाऱ्या कारागिराकडून मिळाली, त्यासाठी त्याची बरीच विनवणी करावी लागली, हे त्याने लिहिले आहे. कारागिराचे नाव ‘पती लोरेन’, म्हणजे लोरेन प्रांताचा धाकला. प्रत्येक भागाची नावेही कारागिरांच्याच बोलीत दिली आहेत, म्हणजे दुसरा कोणी कुलूपवाला किंवा घड्याळजी पुस्तक पाहून तसाच अवयव घडवू शकेल.

छत्तीस वर्षे बँकेत काढल्यावर एक सवय लागते. कागद हाती आला की मजकुराआधी सही कोणाची ते पाहायचे. राजाच्या शस्त्रवैद्याने आपल्या पुस्तकात एका कुलूपवाल्याची सही राहू दिली, हे आम्हाला त्या खटक्याच्या गुडघ्याइतकेच नवलाचे वाटले. आपल्याकडे १९६८ च्या सुमारास जयपूर फूट झाला, त्यात शस्त्रवैद्य डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर रामचंद्र शर्मा हे फारसे न शिकलेले कारागीर होते. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार डॉक्टरांना मिळाला, आणि तो योग्यच होता. शर्मांचे नाव किती जणांना सांगता येईल?

पारेच्या पुस्तकात आणखी एक चित्र आहे, गरिबांच्या लाकडी पायाचे. त्यात खटका नाही, चिलखत नाही. गुडघा मुडपून उशीवर टेकवायचा, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मांडीला बांधायच्या, खाली सरळ दांडा. सुतार एका दिवसात करील असा. लोखंडी पाय सरदारालाच परवडणार, म्हणून पारेने दोन्ही दिले. आणि दुखणे फक्त पावलात असले तरी पाय गुडघ्याखाली पाच बोटांवर कापावा, असा त्याचा सल्ला होता, कारण या दांड्यावर लांब उरलेला पाय मागे लटकत राहतो आणि आड येतो. म्हणजे करवत चालवतानाच पुढच्या लाकडी पायाचा हिशेब. आता साधने बदलल्याने हे मापही बदलले आहे. मेहुण्यांच्या शस्त्रक्रियेआधी सर्जनने केंद्रातल्या त्या तरुणाशी फोनवर बोलून किती लांबी ठेवायची ते ठरवले होते, हे आम्हाला नंतर कळले.

वाकड्या पाठीसाठी पारेने लोखंडी जाकीट सुचवले आहे. वजन कमी व्हावे म्हणून त्याला जागोजाग भोके, आतून मऊ अस्तर, आणि घडवायचे चिलखतवाल्याकडून. मूल वाढते असेल तर जाकीट वरचेवर बदला, नाहीतर आधाराऐवजी अपायच होईल, अशी ताकीदही आहे. पायात जन्मतः वाक असलेल्या मुलांसाठी बूट, गेलेल्या नाकासाठी चांदीचे नाक, टाळूला भोक असेल तर बोलता यावे म्हणून बसवायची पट्टी, असे पुष्कळ काही आहे. प्रोस्थेटिस्ट आणि ऑर्थोटिस्ट अशी दोन्ही खाती एकाच वहीत.

१५७५ मध्ये त्याचे समग्र लेखन छापले गेले तेव्हा पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठाने ते अडवण्याचा प्रयत्न केला. लॅटिन न येणारा न्हावी फ्रेंचमध्ये वैद्यक लिहितो, आणि तेही आमच्या परवानगीशिवाय, ही तक्रार. पारे तेव्हा साठी ओलांडलेला, राजाचा मुख्य शस्त्रवैद्य होता. पुस्तक निघाले आणि पुढे त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. १५८५ च्या आवृत्तीत त्याने टीकाकारांना उत्तर दिले. उत्तर म्हणजे काय, तर आपल्या मोहिमांची जंत्री: या वेढ्यात इतके जखमी, त्यांना हे केले, असे झाले. ग्रंथ वाचून खुर्चीत बसलेल्यांनी यातले काय पाहिले आहे, असा त्याचा सूर आहे. जरा चिडका आहे, पण आम्हाला आवडला.

२० डिसेंबर १५९० रोजी पॅरिसमध्ये पारे वारला. वय ऐंशीच्या घरात होते. त्याच वर्षी पॅरिसला वेढा पडून शहरात उपासमार झाली होती. म्हाताऱ्या पारेने पुलावर एका आर्चबिशपला वाटेत गाठून, लोक भुकेने मरताहेत, तह करा, असे विनवल्याची नोंद त्या काळच्या एका रोजनिशीत आहे.

मेहुण्यांना हे सगळे वाचून दाखवले. त्यांना गरिबांच्या पायाचे चित्र पाहायचे होते, ते मोबाइलवर दाखवले. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिले आणि उशी मात्र मऊ असेल, एवढेच म्हणाले. त्यांचा उरलेला पाय आता थोडा बारीक झाला आहे, सॉकेट सैल पडते, घासते. पुढच्या मंगळवारी पुन्हा माप द्यायला जायचे आहे.