आल्फ्रेड रसेल वॉलेस

उत्क्रांतितत्त्वाचें नांव निघालें म्हणजे आपणांस डार्विन यांची आठवण होते, आणि तें योग्यच आहे. परंतु तेंच तत्त्व स्वतंत्रपणें शोधून काढणारे दुसरेही एक गृहस्थ होते. त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सादर करावें असें आम्हीं योजिलें आहे.

आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचा जन्म वेल्स प्रांतांतील अस्क गांवाजवळ ता. ८ जानेवारी १८२३ रोजीं झाला. घरच्या गरिबीमुळें चवदाव्या वर्षीं त्यांची शाळा सुटली, व थोरल्या भावाच्या हाताखालीं ते जमीन मोजण्याचें काम करूं लागले. रानोमाळ हिंडतां हिंडतां वनस्पतींचा छंद जडला. पुढें लीस्टर येथें शिक्षक असतां हेन्री बेट्स या कीटकप्रेमी तरुणाशीं त्यांचा स्नेह झाला, आणि १८४८ सालीं दोघे मित्र ॲमेझॉन नदीच्या अरण्यांत गेले. पक्षी व कीटक जमवून लंडनला विकावे, त्यावर निर्वाह करावा, आणि प्राण्यांच्या निरनिराळ्या जाति कशा उत्पन्न झाल्या याचा शोध करावा, असा त्यांचा बेत होता.

१८५२ सालीं वॉलेस स्वदेशीं परत निघाले असतां भर समुद्रांत जहाजास आग लागली. बरोबरचा संग्रह व बहुतेक टिपणें जळून खाक झालीं. उघड्या होडींत दहा दिवस काढल्यावर दुसऱ्या एका जहाजानें त्यांस वांचविलें. तथापि दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच ते मलाया द्वीपसमूहाकडे निघाले! तेथें आठ वर्षांत त्यांनीं सुमारें सव्वा लक्ष नमुने गोळा केले.

१८५६ सालीं बालीहून लोंबोक बेटास गेल्यावर त्यांस एक नवल आढळलें. मधली सामुद्रधुनी अरुंद, हवापाणीही सारखेंच. परंतु बालीस पाहिलेले तांबट पक्षी लोंबोकास दिसेनात, आणि तेथें ऑस्ट्रेलियाकडील काकाकुवे दिसूं लागले. केवळ हवापाण्यानें याचा उलगडा होईना. प्रत्येक बेटावरील प्राण्यांचे पूर्वज कोठून आले, हेंच पाहावयास हवें होतें. हिमयुगांत समुद्र उतरला तेव्हां बाली आशियाच्या भूमीस जोडलेलें होतें, पण ही खोल सामुद्रधुनी कधींच कोरडी पडली नाहीं, हें पुढील शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें.

फेब्रुवारी १८५८ मध्यें ते तापानें अंथरुणास खिळले असतां माल्थस यांचा लोकसंख्येवरील ग्रंथ त्यांस आठवला. जितके जीव जन्मतात तितके जगत नाहींत. एकाच आईबापांचीं पिलेंही अगदीं सारखीं नसतात. ज्यांच्या अंगीं परिस्थितीस अनुकूल असा लहानसा फरक असतो तीं अधिक टिकतात, व तो फरक त्यांच्या संततींत उतरतो. असें पिढ्यान्‌पिढ्या घडत गेलें म्हणजे नवी जाति निर्माण होते. हा निबंध त्यांनीं तेर्नाते बेटावरून डार्विन यांजकडे धाडिला. डार्विन त्याच विचारावर वीस वर्षें परिश्रम करीत होते! त्यांच्या मित्रांनीं दोघांचेही लेख ता. १ जुलै १८५८ रोजीं लंडनच्या लिनियन सोसायटींत एकत्र वाचविले. वॉलेस दूर बेटांत. त्यांची संमति कोणी विचारली नव्हती.

यावर त्यांनीं तक्रार करावयास जागा होती. पण त्यांनीं ती केली नाहीं. आपला १८६९ चा प्रवासग्रंथ त्यांनीं डार्विन यांसच अर्पण केला, आणि १८८९ च्या ग्रंथास ‘डार्विनिझम’ हेंच नांव दिलें. मानवी बुद्धीचा उगम केवळ नैसर्गिक निवडीनें उलगडत नाहीं, हें त्यांचें मत डार्विन यांस पटलें नाहीं. तरी स्नेह तुटला नाहीं. १८८१ सालीं वॉलेस यांस सरकारी पेन्शन मिळालें, तें डार्विन यांच्याच खटपटीनें.

ता. ७ नोव्हेंबर १९१३ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, वॉलेस निवर्तले. परीक्षेंत अथवा खेळांत आपल्या श्रमाचें श्रेय दुसऱ्यास गेलें असें वाटेल, तेव्हां आमच्या विद्यार्थ्यांनीं या थोर पुरुषाची आठवण करावी.