रयतेचे वकील : सार्वजनिक काका

गणेश वासुदेव जोशी यांचा जन्म १८२८ मध्ये सातारा येथे झाला. आरंभी सरकारी नोकरी करून पुढे ते पुण्यात वकिली करू लागले. लोकांच्या कामात त्यांनी स्वतःला इतके वाहून घेतले की पुणेकर त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले.

पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा उभी राहिली. सभासद होण्यास निदान ५० माणसांचे मुखत्यारपत्र लागे. जनतेच्या वतीने बोलायचे, तर वकिलाप्रमाणे तिचा अधिकारही हाती हवा, अशी ही व्यवस्था होती. सभेने गावोगावच्या रयतेच्या स्थितीची माहिती गोळा केली.

मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. ते त्यांनी जाळले. सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले. पाऊस, सारा व कर्ज यांबरोबरच कमिशनने कोर्टाचे दप्तरही तपासले. बहुसंख्य दाव्यांत शेतकरी हजरच नसे आणि हुकूमनामा एकतर्फी होई. रोखा वाचता येत नाही, कोर्ट दूर, वकिलाची फी आवाक्याबाहेर. मग जमीन जाणार नाही तर काय? १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने समेट घडविणारे पंच नेमले, रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्यास कोर्टास सांगितले आणि गरीब शेतकऱ्यासाठी वकील देण्याचीही सोय केली. रयतेच्या हलाखीच्या हिशेबात कायद्याची मदत अशी प्रथमच ठळकपणे आली.

काकांनी मात्र कायद्याची वाट पाहिली नव्हती. तंटे कमी खर्चात मिटावेत म्हणून सभेच्या पुढाकाराने पुण्यात लवाद कोर्ट सुरू झाले होते. १८७९ मध्येच वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र काकांनी घेतले. सरकारच्या रोषाच्या त्या दिवसांत हे मोठे धाडस होते. फडक्यांना जन्मठेप झाली. पण आरोपी एकटा उभा राहिला नाही. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, काका निवर्तले.

१९७६ मध्ये मोफत कायदेसाहाय्याचे तत्त्व राज्यघटनेत आले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ मध्ये अमलात आला. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण गावातल्या विहिरी, शाळा, रस्ते मोजतो. त्या यादीत आणखी एक प्रश्न हवा : कोर्टाची नोटीस आली, तर इथल्या गरिबाला वकील मिळतो का? त्याच्या उत्तराशिवाय गावाच्या सुखाचा हिशेब पुरा होत नाही.