औंधहून नैरोबीला

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात माण नावाची नदी उगम पावते. लोक तिला माणगंगा म्हणतात. नावात गंगा असली तरी वर्षातील बरेच महिने तिच्या पात्रात वाळूच दिसते. दहिवडी, म्हसवड, आटपाडी हा तिच्या काठचा मुलूख. पाऊस थोडा, जमीन माळाची. मेंढ्या, खिलारी बैल आणि ज्वारी-बाजरी यांवर इथल्या माणसांचा संसार चाले. या मुलखाला माणदेश म्हणतात.

माणदेशात आणि त्याच्या आसपास पूर्वी औंध नावाचे एक लहानसे संस्थान होते. त्यात अवघी बहात्तर गावे होती आणि तीही सलग नव्हती. काही साताऱ्याकडे, काही आटपाडीकडे, तर काही थेट विजापुराकडे. संस्थान लहान असले तरी त्याचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे नाव मोठे होते. ते स्वतः चित्रे काढत, कीर्तन करत आणि रोज न चुकता सूर्यनमस्कार घालत. त्यांनी जमवलेली चित्रे आणि शिल्पे औंधच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. या राजांचे चिरंजीव म्हणजे अप्पासाहेब पंत. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १९१२ रोजी झाला.

अप्पासाहेब उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. तेथे ऑक्सफर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ते बॅरिस्टर झाले आणि १९३७ साली परत आले. असा शिकलेला राजपुत्र मोठ्या शहरात वकिली करील, असे कोणालाही वाटले असते. पण औंधला वेगळेच वारे वाहत होते. मॉरिस फ्रिडमन नावाचे एक पोलिश इंजिनिअर औंधला आले होते. त्यांच्या विचाराने राजेसाहेबांनी एक विलक्षण गोष्ट ठरवली. आपली सत्ता आपणच प्रजेच्या हाती द्यायची! अप्पासाहेब आणि फ्रिडमन सल्ल्यासाठी गांधीजींकडे सेवाग्रामला गेले. गांधीजींनी नुसता आशीर्वाद दिला नाही. राजघराण्याने खर्च कमी करावा आणि साधेपणाने राहावे, असा आग्रह त्यांनी धरला. जानेवारी १९३९ मध्ये औंधची नवी राज्यघटना अमलात आली. गावोगावी पंचायती निवडल्या गेल्या आणि अप्पासाहेब राज्याचे पंतप्रधान झाले.

त्याच सुमारास आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर नावाची एक वसाहत उभी राहिली. ती होती कैद्यांची. पण तिला भिंत नव्हती. शिक्षा झालेली माणसे तिथे शेती करत. पळून जायला वाट मोकळी होती. पुढे व्ही. शांताराम यांनी दो आँखें बारह हाथ हा चित्रपट काढला, त्याला याच प्रयोगातून प्रेरणा मिळाली. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हेही आटपाडीजवळच्या माडगुळ्याचेच. हा चित्रपट १९५७ साली आला.

१९४२ साली अप्पासाहेबांचा विवाह नलिनीबाईंशी झाला. नलिनीबाई डॉक्टर होत्या. एफ.आर.सी.एस. ही शस्त्रक्रियेतील मोठी पदवी त्यांनी मिळवली होती. त्या काळी मुली शाळेत जाणे हीच अपूर्वाई होती, हे लक्षात घेतले म्हणजे या पदवीचे मोल कळते.

देश स्वतंत्र झाला आणि मार्च १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राज्य गेले, पंतप्रधानपदही गेले. मग पंडित नेहरूंनी अप्पासाहेबांवर नवीच कामगिरी सोपवली. पूर्व आफ्रिकेत भारताचे पहिले कमिशनर म्हणून त्यांना नैरोबीला पाठवण्यात आले. पूर्व आफ्रिकेवर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. अशा रीतीने १९४८ साली पंत पतिपत्नींचा परदेशातला संसार सुरू झाला.

त्या काळी लोक मुंबईहून मोंबासाला बोटीने जात. मोंबासा हे केनियाचे बंदर. बंदराच्या तोंडाशी पोर्तुगिजांनी १५९३ साली बांधायला घेतलेला किल्ला आहे. गावात जुन्या मशिदी आणि नक्षीदार दरवाज्यांची घरे आहेत. तिथून नैरोबीला आगगाडीने एक रात्र लागे. हा लोहमार्ग म्हणजे हिंदी मजुरांच्या घामाची खूण होय. १८९६ ते १९०१ या काळात तो बांधण्यासाठी आपल्या देशातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले होते. त्यांतले अडीच हजार तिथेच मेले. काहींना तर सिंहांनी खाल्ले.

नैरोबी विषुववृत्ताजवळ आहे. म्हणून ते फार उष्ण असेल असे आपल्याला वाटते. पण ते शहर आपल्या महाबळेश्वरापेक्षाही उंचावर आहे. जून-जुलैत तिथे लोकरीचे कपडे घालावे लागतात. शहराच्या वेशीवरच १९४६ साली एक अभयारण्य उघडले होते. घरून जेवून निघालेला माणूस तासाभरात जिराफ, झेब्रे आणि सिंह पाहू शकत असे. दुसऱ्या दिशेला गेले की जमीन एकदम खाली कोसळते आणि खोल, लांबच लांब खचदरी दिसू लागते. त्या दरीत नैवाशा आणि नाकुरू ही सरोवरे आहेत. नाकुरूच्या काठावर तेव्हा रोहित पक्ष्यांचे एवढे थवे उतरत की पाणी गुलाबी दिसे. त्या माळांवर मसाई लोक हातात भाला घेऊन गुरे चारतात. आटपाडीच्या माळावर मेंढरांमागे फिरणारे धनगर ज्याने पाहिले आहेत, त्याला हे दृश्य अगदीच परके वाटले नसावे.

नव्या देशात पहिली अडचण भाषेची येते. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली भाषा बोलतात. ही भाषा मूळची आफ्रिकन. पण अरब, इराणी आणि हिंदी व्यापाऱ्यांच्या सहवासाने तिच्यात पुष्कळ शब्द आले. उर्दू जाणणाऱ्याला तर त्यांतले अनेक शब्द ओळखीचेच वाटतील. तिथे पुस्तकाला किताबू म्हणतात, मित्राला रफिकी, गरिबाला मस्किनी, बातमीला हबारी आणि प्रवासाला सफारी. दुकान म्हणजे दुका, सरकार म्हणजे सेरिकाली, बर्फ म्हणजे बराफू. चहा तिथेही चहाच, आणि चपाती तर जशीच्या तशी! मात्र घड्याळाच्या बाबतीत नवखा माणूस हमखास फसतो. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपल्या सकाळच्या सात वाजता तिथे एक वाजलेला असतो.

भाषा चार महिन्यांत येते. चालीरीती मात्र उमगायला वेळ लागतो. नैरोबीत माणसांची वाटणी रंगावरून झालेली होती. गोऱ्यांची वस्ती वेगळी, हिंदी लोकांची वेगळी आणि आफ्रिकन लोकांची वेगळी. शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे. मोठ्या हॉटेलांत गोऱ्यांखेरीज कोणाला प्रवेश नसे. डोंगराळ भागातली उत्तम जमीन गोऱ्या शेतकऱ्यांसाठी राखून ठेवली होती. आफ्रिकन पुरुषांना तर अनेक वर्षे आपला परवाना धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवावा लागे. ज्यांचा देश, त्यांच्याच गळ्यात ही डबी!

या तीन पायऱ्यांत हिंदी लोक मधल्या पायरीवर होते. केनियात तेव्हा सुमारे एक लाख हिंदी लोक राहत. गुजराती दुकानदार, पंजाबी कारागीर, इस्माइली आणि बोहरी व्यापारी, गोव्याचे कारकून, थोडे मराठी लोक असा तो समाज होता. गोरा माणूस त्यांना खाली लेखत असे, याचे त्यांना दुःख होते. पण त्यांच्यातले बरेच जण आफ्रिकन माणसाला तसेच वागवत. त्याला घरात नोकर म्हणून ठेवत. पाहुणा म्हणून बोलावत नसत. १९४७ च्या फाळणीचे पडसादही तिथपर्यंत पोहोचले होते आणि हिंदू-मुसलमानांत दुरावा वाढू लागला होता.

अशा शहरात पंतांनी आपल्या घराचे दार सर्वांना उघडे ठेवले. त्यांच्याकडे आफ्रिकन पुढारी येत, शिक्षक येत, हिंदी व्यापारी येत आणि काही इंग्रजही येत. सगळे एकाच खोलीत बसत, एकाच टेबलावर जेवत. आज यात काय विशेष, असे तुम्हांला वाटेल. पण त्या वेळच्या नैरोबीत ही गोष्ट डोळ्यांवर येण्यासारखी होती. काही आफ्रिकन पाहुणे आपल्या देशातल्या एखाद्या मोठ्या घरात पहिल्यांदाच पुढच्या दाराने शिरले असतील. जोमो केन्याटा हे केनियाचे मोठे पुढारी. तेही पंतांकडे येत असत. घर दोघांचे होते. पाहुणे नलिनीबाईंचेही होते. यजमानीणबाईंचे मन मोकळे नसेल तर असे घर चालत नाही, हे कोणतीही गृहिणी सांगेल.

आपल्या लोकांशी बोलताना अप्पासाहेब गोडगोड बोलून थांबत नसत. नेहरूंचे धोरण त्यांनी स्पष्टपणे समजावून सांगितले. हा देश आफ्रिकन लोकांचा आहे, इथे पहिला हक्क त्यांचा आहे, भारत तुमच्यासाठी इथे वेगळे हक्क मागणार नाही, असा त्याचा अर्थ होता. पुष्कळांना हे रुचले नाही. स्वतःच्या देशाचा कमिशनर आपल्या बाजूने भांडण्याऐवजी दुसऱ्यांची बाजू का घेतो, असे त्यांना वाटे. त्यांची भीती खोटी नव्हती. कारण दोन पिढ्यांचे कष्ट तिथे गुंतले होते. पण अप्पासाहेबांना पुढचे दिसत होते, असे म्हणावे लागते.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम शिक्षणाचे झाले. भारत सरकारने आफ्रिकन विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या होत्या. त्या योग्य मुलांच्या हाती पडाव्यात म्हणून अप्पासाहेबांनी खूप खटपट केली. केनियात तेव्हा एकही विद्यापीठ नव्हते. खेड्यांतली हुशार मुले आपल्याकडच्या विद्यापीठांत येऊन शिकू लागली. पूर्व आफ्रिकेतल्या हिंदी लोकांनीही गांधीजींच्या स्मरणार्थ नैरोबीत महाविद्यालय काढण्यासाठी मोठा निधी जमवला. तिथे सर्व वर्णांची मुले एकत्र शिकावीत, हा त्यामागचा हेतू होता. तो निधी ज्या तंत्र महाविद्यालयात मिळवला गेला, त्याचेच पुढे नैरोबी विद्यापीठ झाले.

इंग्रज सरकारला हे सारे आवडणे शक्यच नव्हते. त्यातच केनियात माऊ माऊचे बंड उसळले. जमिनी गेलेल्या किकुयू लोकांचा तो उठाव होता. २० ऑक्टोबर १९५२ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि केन्याटांसह अनेक पुढाऱ्यांना पकडण्यात आले. पंतांच्या घरी येणारे पाहुणे आता तुरुंगात होते. केन्याटांवर खटला भरला, तेव्हा त्यांच्या बचावासाठी भारतातून दिवाण चमनलाल गेले. नैरोबीतले काही हिंदी वकीलही त्या कामात उभे राहिले. इंग्रज अधिकारी मात्र दिल्लीकडे तक्रार करू लागले की, पंत आफ्रिकन लोकांना चिथावतात, त्यांना परत बोलवा. नेहरूंनी काही काळ दाद दिली नाही. शेवटी १९५४ मध्ये अप्पासाहेबांना नैरोबी सोडावी लागली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. ज्या कामासाठी एका सरकारने त्यांना नको म्हटले, त्याच कामाचा दुसऱ्या सरकारने मान केला.

यानंतर पंतांचे बिऱ्हाड अनेक देशांत हलले. सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, इंग्लंड, इटली अशा ठिकाणी अप्पासाहेबांनी भारताचे काम पाहिले. त्यांनी आपल्या आठवणींची पुस्तकेही लिहिली. त्यांच्या कन्या अदिती पंत समुद्राचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ झाल्या. १९८३-८४ च्या मोहिमेत त्या अंटार्क्टिकाला गेल्या. त्या बर्फाळ खंडावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला आणि तुरुंगातून सुटलेले केन्याटा पुढे त्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. शेजारच्या युगांडात मात्र वेगळे घडले. १९७२ साली तिथल्या लष्करी राज्यकर्त्याने, इदी अमीनने, हिंदी लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. हजारो कुटुंबे दुकाने, घरे, शेते मागे टाकून निघाली. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी वीस वर्षांपूर्वी अप्पासाहेबांची भाषणे ऐकलेली असतील.

अप्पासाहेब पंत १९९२ साली वारले. त्यांचे औंध माणदेशाच्या उंबरठ्यावर आहे. तिथल्या डोंगरावर यमाईदेवीचे देऊळ आहे आणि त्याच चढावर बाळासाहेबांचे संग्रहालय.