मायकेल फॅरडे आणि अदृश्य बलरेषा

हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत नांदेड-लातूरकडील आमचे विद्यार्थी केसांतून फणी फिरवितात व तीच फणी कागदाच्या कपट्यांजवळ नेतात. कपटे उडी मारून तीस चिकटतात. मध्ये ना दोरी, ना हात. मग ही ओढ येते कोठून? या प्रश्नाचा ध्यास घेणाऱ्या एका थोर पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडननजीक एका लोहाराच्या घरी झाला. घरी दारिद्र्य, शाळेत लिहिणे, वाचणे व हिशेब एवढेच पदरी पडले. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानी उमेदवार राहिले. बांधावयास आलेली पुस्तके ते वाचूनही काढीत. विजेची गोडी त्यांस तेथेच लागली. १८१२ साली सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्यांनी टिपणे केली व ती स्वहस्ते बांधून डेव्हींकडे धाडली. पुढील वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांस साहाय्यकाची जागा मिळाली.

सजातीय विद्युत्भार परस्परांस दूर लोटतात, विजातीय जवळ ओढतात, आणि अंतर दुप्पट केल्यास बल चतुर्थांश उरते, हे फ्रान्सच्या कूलोंबने १७८५ साली मोजून दाखविले होते. परंतु मधली पोकळी ओलांडून हे बल पोहोचते कसे? फॅरडे यांचे मत असे की, भारामुळे त्याच्या सभोवतालचे अवकाशच पालटते. धनभारापासून ऋणभाराकडे बलरेषा जातात. ताणलेल्या दोरीप्रमाणे त्या आखूड होऊ पाहतात, म्हणून विजातीय भार जवळ येतात. शेजारच्या रेषा एकमेकींस बाजूस रेटतात, म्हणून सजातीय भार दूर सरतात. कागदावर मुळात जादा भार नसतो. पण फणी जवळ येताच त्याच्या लगतच्या अंगास विजातीय भार प्रकटतो व तो ओढला जातो.

फॅरडे यांस उच्च गणित येत नसे. त्यामुळे अनेक विद्वानांस ही कल्पना पोरकट वाटली. तथापि ते प्रयोगांवरील निष्ठा सोडून हटले नाहीत. १८३६ साली त्यांनी धातूने मढविलेली १२ फुटी खोली उभारली व स्वतः आत शिरले. बाहेर ठिणग्या उडत असता आत विजेची खूणही आढळली नाही. वैशाखातील वादळात बंद मोटारीत बसलेला प्रवासी झाडाखालील माणसाहून सुरक्षित का, याचे उत्तर यातच आहे. पुढे मॅक्सवेल यांनी बलरेषांस गणिताचे रूप दिले. आजची विद्युत्क्षेत्राची कल्पना ती हीच.

रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद फॅरडे यांनी नाकारले. मुलांकरिता नाताळची व्याख्याने मात्र १९ वेळा दिली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते निवर्तले.

पदार्थास मुळात विद्युत्भार असतोच का, हे कोडे अद्याप उरले आहे. शुल्काची वा पुस्तकांची अडचण ज्यांच्या घरी आहे, अशा आमच्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनीही या लोहारपुत्राचे स्मरण ठेवावे, एवढीच आमची विनंती.